ओल्ड मिलमधलं पहिलं दळण

माणसाने फुशारकी खुशाल मारावी, पण आईजवळ मारू नये. बाकीचं जग आपली फुशारकी ऐकतं आणि विसरून जातं. आई ती ऐकते, खरी मानते आणि तिच्या भरवशावर सामान बांधते.

चारुदत्तच्या हातून हा प्रमाद घडला तो मे महिन्यातल्या एका रविवारी, व्हिडिओ कॉलवर. आईने नेहमीप्रमाणे "नोकरीचं काय रे?" असं विचारलं आणि त्याने नेहमीप्रमाणे विषय बदलला. विषय बदलायला हाताशी काहीतरी लागतं. त्याच्या हाताशी होतं ते घर.

"आई, आम्ही राहतो ना, ती अडीचशे वर्षांची पाणचक्की आहे. गिरणी! खाली नदीवर चाक, आत दगडाची जाती, लाकडी दाते, सगळं जसंच्या तसं!"

यातला शब्दन्‌ शब्द खरा होता. आयर्लंडमधल्या किलकेनीपासून वीस मिनिटांवर, एका छोट्या नदीच्या काठी, 'द ओल्ड मिल' नावाची चार मजली दगडी इमारत होती आणि तिच्यात आता चौदा फ्लॅट होते. चाक होतं. जातीही होती. फक्त जाती तळमजल्यावरच्या लॉबीत काचेच्या पेटीत होती आणि पेटीवर प्लॅस्टिकचं नेच्याचं झाड होतं. 'कृपया हात लावू नये' अशी पाटी होती. आणि चाक साठ वर्षांत इंचभरही फिरलेलं नव्हतं. एवढा तपशील तेवढा सांगायचा राहिला.

शोभनाताई जुलैमध्ये आल्या. डब्लिनच्या विमानतळावरून घरी येताना त्यांनी ॲडम्सटाउनजवळच्या भारतीय दुकानासमोर गाडी थांबवायला लावली आणि तांदूळ, हरभराडाळ, उडीद, ज्वारी, बाजरी, गहू, धणे अशी पोतडी भरून आणली.

"तिकडनं भाजणीचं पीठच का नाही आणलंत आई?" सुनेने, अश्लेषाने, विचारलं.

"घरात गिरणी असताना शिळं पीठ कशाला ओढून आणू?" शोभनाताई म्हणाल्या.

गाडी चालवणाऱ्या चारुदत्तने त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तो म्हणाला, "बघ आई, मेंढ्या!"

आता चारुदत्तचं दुखणं काय होतं ते सांगितलं पाहिजे. भोसरीच्या एका कारखान्यात त्याने अकरा वर्षं गिअरबॉक्स डिझाइन केले होते. अश्लेषाला किलकेनीच्या रुग्णालयात डॉक्टरची नोकरी लागली, तसा तो तिच्या आणि आठ वर्षांच्या लेकीच्या, मुक्ताच्या, मागोमाग आला. त्याला वर्ष होऊन गेलं. चौदा मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी लोक हसतमुखाने चहा द्यायचे, 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे छान छान, म्हणायचे आणि आठवड्याने कळवायचे की तुम्हाला इथला अनुभव नाही. अहो, पण इथला अनुभव यायला इथे कुणी नोकरी नको द्यायला? गावात त्याची ओळख होती 'डॉक्टरबाईंचा नवरा' अशी. पोस्टमनसुद्धा त्याच्या नावाचं पाकीट अश्लेषाच्या नावाने हाक मारून द्यायचा.

शेवटी त्याने ठरवून टाकलं होतं. तीन सप्टेंबरला आई परत जाईल, तिच्याबरोबर आपणही जायचं. भोसरीचा कारखाना परत घ्यायला तयार होता. अश्लेषाचा करार अजून दोन वर्षांचा. म्हणजे घराचे दोन तुकडे, आणि मुक्ता बाबाला फोनवर बघणार. आईला त्याने सांगितलं होतं, "तुला सोडायला येतोय." घरात या विषयावर कुणी बोलत नसे. अश्लेषा फक्त हल्ली भांडी जरा जास्त जोरात ठेवायची.

मंगळवारी शोभनाताईंनी भाजणी भाजायला घेतली. एकेक धान्य वेगळं, मंद आचेवर. सकाळी दहाला सुरुवात झाली आणि साडेदहाला धुराचा भोंगा वाजला. शेजारच्या फ्लॅटमधला फिनबार धावत आला. हा फिनबार निवृत्त टपाल अधिकारी. जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देण्याची त्याची तयारी असायची आणि सल्ला चुकला तर दुसरा देण्याचीही. त्याने भोंग्यावर आंघोळीची टोपी चढवायला सांगितलं. हा सल्ला मात्र बरोबर निघाला.

दुपारी पुन्हा दार वाजलं. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या नोरीनबाई उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, काठीवर रेललेल्या, आणि डोळ्यांत चक्क पाणी. चारुदत्तला वाटलं, तक्रार आली. तो माफी मागायला लागला, तर त्यांनी काठी उचलून त्याला गप्प केलं.

नोरीनबाई अर्थातच इंग्रजीत बोलल्या, तेही त्या गावच्या, पण आपण आपलं मराठीत ऐकू. त्या म्हणाल्या, "माझे वडील इथले शेवटचे गिरणीवाले. ओट्स दळण्याआधी भट्टीवर भाजायचे. साठ वर्षं झाली. मी जिना उतरत होते आणि हा वास आला. मला वाटलं, डॅडी खालीच आहेत."

शोभनाताईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण त्यांनी नोरीनबाईंना खुर्ची दिली, तळहातावर भाजलेली हरभराडाळ ठेवली आणि कढईत उलथनं फिरवत बसल्या. त्या दोघी संध्याकाळपर्यंत तशा बसल्या होत्या. एकीने मराठीत सांगावं, दुसरीने इंग्रजीत हुंकार द्यावा.

बुधवारी सकाळी मात्र शोभनाताईंनी गार झालेलं धान्य स्टीलच्या डब्यात भरलं, झाकणाखाली 'शोभना, जाडसर नको' अशी चिठ्ठी घातली आणि डबा काखोटीला मारून लॉबीत उतरल्या. चारुदत्त मागे धावला. त्या काचेच्या पेटीसमोर उभ्या होत्या.

"गिरणीवाला कुठाय रे?"

आता मात्र मेंढ्या दाखवायची सोय नव्हती. चारुदत्तने सगळं सांगितलं. शोभनाताईंनी प्लॅस्टिकच्या झाडाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

"म्हणजे चाक आहे, पण फिरत नाही."

"हो."

"आणि तुझ्या नोकरीचं पण असंच आहे का? तू मला सोडायला येतोयस, का कायमचा येतोयस?"

आईपुढे इंजिनीअरिंगची पदवी कामाला येत नाही.  चारुदत्तला मनापासून रडू येत होतं, पण लॉबीत कॅमेरा होता.

"मिक्सरवर दळू," तो म्हणाला.

"मिक्सरचं पीठ तापतं. थालीपीठ होत नाही, ठिकऱ्या होतात." त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. "तू गिअरबॉक्स करायचास ना रे? मग हे काय आहे आतमध्ये?"

त्याने वर्षभरात पहिल्यांदाच काचेला नाक लावून आत पाहिलं. चाकाचा दांडा भिंतीतून आत येत होता. त्यावर मोठं दातेरी चक्र, त्याला काटकोनात दुसरं, मग उभा खांब आणि वर जातं. एक छोटं चक्र वर उचलून ठेवलेलं, म्हणजे मधला दुवा तुटलेला. गिअरबॉक्सच होता तो. फक्त सफरचंदाच्या लाकडाचा.

इथून पुढे जे झालं त्याचा विचार चारुदत्तने आधी केला असता तर त्याने मिक्सरच काय, खलबत्ताही पत्करला असता. एक डबा भाजणी दळायची. विषय एवढाच. त्याने इमारत सांभाळणाऱ्या कंपनीच्या डेक्लनला ईमेल लिहिली. डेक्लनने उत्तर दिलं की ही वास्तू संरक्षित आहे, तेव्हा कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याची परवानगी लागेल. शिवाय विमा. शिवाय नदीचं पाणी पाटात सोडायचं तर माशांच्या खात्याची परवानगी. शिवाय वटवाघळं.

"वटवाघळं?" चारुदत्तने फोनवर विचारलं.

"असतील तर," डेक्लन म्हणाला. "नसतील तर ती नाहीत असं प्रमाणपत्र."

बातमी इमारतभर झाली. आणि सल्ल्यांना तर काय, चौदा फ्लॅटमधून चौदा वाटा फुटल्या. फिनबार म्हणाला, अर्जात 'पीठ' हा शब्दच घालू नकोस, नाहीतर खाद्य खातं येईल, 'प्रात्यक्षिक' लिही. तिसऱ्या मजल्यावरचा पोलिश सुतार पावेल म्हणाला, अर्ज कशाला, रविवारी सकाळी सगळे चर्चला गेले की पाटाचं पाणी अडवणारी फळी उघडू. नोरीनबाई म्हणाल्या, चर्चला आता मी आणि फादरच असतो, तेव्हा ते जमायचं नाही. मुक्ता म्हणाली, "बाबा, यू'ल बी ग्रँड," आणि शाळेच्या वहीत चाकाचं चित्र काढायला लागली.

वारसा अधिकारी आल्या त्या पंचविशीच्या शिवॉनबाई. पायांत चिखलाचे बूट आणि हातात बावीस पानी अर्ज. चारुदत्तने मुलाखतीचा सूट घातला होता, कारण सरकारी माणसापुढे जायचं म्हणजे त्याला दुसरं काही सुचत नसे. चौदा मुलाखतींत अपशकुनी ठरलेला तो सूट पाहून अश्लेषा म्हणाली, "अरे, नदीवर जायचंय तुला!" पण त्याने ऐकलं नाही.

अर्जात एक प्रश्न होता: 'प्रस्तावित वापरास ऐतिहासिक आधार आहे काय?' शिवॉनबाई म्हणाल्या, "इथेच अडेल. भाजलेलं धान्य या गिरणीत दळलं जायचं याचा पुरावा हवा." चारुदत्तने नोरीनबाईंना बोलावलं. त्यांनी काठी आपटत साक्ष दिली, भट्टी कुठे होती ती जागा दाखवली, आणि वर सांगितलं की या महाराष्ट्राच्या बाईंच्या कढईला जो वास येतो तो हुबेहूब तोच आहे. 'आधार' या रकान्यात शिवॉनबाईंनी लिहिलं: 'वास.' मग पेन खाली ठेवून हसल्या. "अठरा वर्षांपूर्वी हे फ्लॅट झाले. तेव्हापासून चाक फिरवायचं का असं विचारणारे तुम्ही पहिलेच."

माशांच्या खात्याचा माणूस आला. तो म्हणाला, सप्टेंबरअखेरपर्यंत चालेल, त्यानंतर माशांची अंडी घालायची वेळ होते. आणि पाटाच्या तोंडावर जाळी हवी. वटवाघळांची तज्ज्ञ आली. तिने दोन संध्याकाळी कानाला यंत्र लावलं आणि एक वटवाघूळ शोधून काढलं. एकुलतं एक. ते नेमकं जात्यावरच्या धान्याच्या चाड्यात लटकून झोपत होतं. त्याला हलवायचं नाही, आपण होऊन गेलं तरच काम, असा हुकूम झाला. मग भोसरीचा सीनिअर डिझाइन इंजिनीअर रोज सकाळी वही घेऊन वटवाघळाची हजेरी मांडू लागला. 'आज आहे.' 'आज आहे.' 'आज आहे, जांभई दिली.' बाराव्या दिवशी ते छपराखाली राहायला गेलं. चारुदत्तला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

पाठोपाठ जात्याचं लचांड. दगड साठ वर्षांपूर्वीच दळून दळून गुळगुळीत झाला होता. पेटी उघडल्यावर शोभनाताईंनी दगडावरून बोटं फिरवली आणि निकाल दिला, "टाकी लावायला पाहिजे."

शिवॉनबाई दचकल्या. संरक्षित दगडावर छिन्नी? पण शोभनाताई काही हटेनात. "तिला सांग, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." चारुदत्तने जमेल तसं भाषांतर केलं. शिवॉनबाईंनी ते दोनदा म्हणायला लावलं, वहीत उतरवून घेतलं आणि जुन्या खाचा तेवढ्या साफ करायला परवानगी दिली. हत्यार नोरीनबाईंच्या घरात निघालं. प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कपाटात, चहाच्या डब्यांमागे त्यांच्या वडिलांची टाकी फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. चारुदत्त आठ दिवस गुडघ्यांवर बसून ठाक ठाक करत राहिला. पावेलने मोडलेले दोन दाते सफरचंदाच्या लाकडाचे करून दिले. लॉबीतून येता-जाता लोक थांबायचे. पोस्टमन एके दिवशी थांबला आणि म्हणाला, "चारू, तुझं पत्र." चारुदत्तने ते पत्र दिवसभर उघडलंच नाही. नुसतं पाकिटावरचं आपलं नाव वाचत राहिला.

रात्री जेवताना तो दात्यांविषयी बोलायचा. अश्लेषा ऐकायची. एकदा ती म्हणाली, "चारू, आज सहा महिन्यांनी तू दुसऱ्यांदा भात वाढून घेतलास." आणि एकदम उठून ओट्याकडे गेली. भांडं मात्र हळू ठेवलं.

परवानगी मिळाली ती ऑगस्टातल्या वारसा सप्ताहाच्या शनिवारची. अकरा ते पाच. आणि पुढे सगळं नीट पार पडलं तर, माशांच्या अंड्यांचे महिने सोडून, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. डेक्लनने पत्रकं छापली. त्यामुळे एका डब्याच्या दळणासाठी दोनशे माणसं, एक नगरसेवक आणि बॅगपाइप वाजवणारी एक मुलगी जमली. चारुदत्तने सूट घातला.

शोभनाताईंनी चाकाला हळदकुंकू वाहिलं. नारळ त्या जात्यावरच फोडणार होत्या, पण शिवॉनबाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून त्यांनी तो गाड्या लावायच्या जागेच्या कडेवर फोडला. मग त्या जात्यापाशी आल्या आणि डबा उघडता उघडता थांबल्या.

"याच्यावर आधी काय दळलंय?"

दोनशे माणसं खोळंबली. पण हा प्रश्न काही वावगा नव्हता. गिरणीत कुणाच्या दळणावर आपलं दळण जातंय हे विचारल्याशिवाय मराठी बाई डबा पुढे करत नाही. चारुदत्तने नोरीनबाईंना विचारलं.

"ओट्स," त्या ताबडतोब म्हणाल्या. "ऑक्टोबर महिना होता. मिसेस कॉडीचे."

"चालेल," शोभनाताई म्हणाल्या.

नगरसेवकांनी फळी उचलली. पाणी पाटातून धावत आलं, चाकावर आदळलं, आणि चाक हललं नाही.

पुन्हा जोरात फळी उचलली. चाक ढिम्म. बॅगपाइपवाली गांगरून थांबली. कुणीतरी खोकलं. फिनबार म्हणाला, "ग्रीस लावलंस का?" मग म्हणाला, "जास्त लावलंस का?" चारुदत्तला ही आपली पंधरावी मुलाखत वाटली. गर्दीत त्याला अश्लेषा दिसली, तिच्या शेजारी मुक्ता. मुक्ताने वही छातीशी धरली होती. त्याला वाटलं, झालं. तीन तारखेचं विमान बरं, गुपचूप बसून जाता येईल.

आणि मग त्याच्यातला इंजिनीअर जागा झाला. एवढं पाणी एवढ्या चाकावर पडतंय आणि ते थरथरतसुद्धा नाही, म्हणजे ते अडलेलं नाही, बांधलेलं आहे! फ्लॅट करताना ठेकेदाराने चाक फिरू नये म्हणून कुठेतरी बोल्ट मारला असणार आणि वर रंग दिला असणार. त्याने फळी पाडायला सांगितली, पावेलच्या हातातला पाना घेतला आणि सुटाबुटात, टायसकट, कंबरभर पाण्यात उतरला.

"चारू!" शोभनाताई ओरडल्या. "सर्दी होईल!"

बोल्ट होता. रंगाच्या तीन थरांखाली, चाकाच्या मागच्या आऱ्याला. पहिल्या झटक्यात पाना निसटला आणि चारुदत्त आडवा झाला. दुसऱ्या झटक्यात टाय आऱ्यात अडकला. तो त्याने सोडून दिला, कायमचा. तिसऱ्याला बोल्ट सुटला. तो बाजूला होऊन काठाला धरतोय तोच नगरसेवकांनी उत्साहाच्या भरात पुन्हा फळी उचलली. पाणी आलं. चाक कण्हलं, तसूभर सरकलं, थांबलं. मग साठ वर्षांचं शेवाळ चारुदत्तच्या डोक्यावर ओतून ते गरागरा फिरायला लागलं.

आत दाते दात्यांत बसले. सगळी इमारत, चौदाच्या चौदा फ्लॅट, पायांखालून घुमू लागली. नोरीनबाईंनी भिंतीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. शोभनाताईंनी चाड्यात भाजणी ओतली. पहिली मूठ त्यांनी बाजूला काढली, तसा नेमच आहे. मग जात्याच्या कडेने पीठ पडायला लागलं, करडं, खमंग, जरासं कोमट. त्यांनी चिमूट दोन बोटांत चोळून पाहिली. ठिबकणारा मुलगा शेजारी येऊन उभा होता.

"जाडसर नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. मग त्याच्या ओल्या गालावर पिठाचा हात ठेवून म्हणाल्या, "पण चांगलं झालंय रे. फार चांगलं झालंय."

थालीपिठं अंगणातच लागली. पावेलने ती लोण्याबरोबर खाल्ली, फिनबारने जॅमबरोबर, आणि त्याला कुणी काही बोललं नाही. शिवॉनबाई दुसरं थालीपीठ घेता घेता चारुदत्तजवळ आल्या. "आपल्या काउंटीत अशा अजून अकरा गिरण्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांची यंत्रं तपासून नोंद करायला आठवड्यातून तीन दिवस माणूस हवाय. वर्षभर शोधतोय. जाहिरातीत 'लाकडी गिअरचा अनुभव' लिहिलंय. कुणी मिळतच नाही."

"इथला अनुभव लागतो?" चारुदत्तने विचारलं. त्याच्या केसांतून शेवाळ गळत होतं.

शिवॉनबाईंनी चाकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारी ये. सूट नको घालूस."

तो उत्तर देणार तेवढ्यात त्याच्या मागे कुणीतरी घसा साफ केला. नोरीनबाई होत्या. हातात ओट्सची पिशवी. त्यांच्या मागे पावेल, त्याच्याजवळ काळ्या पावासाठी लागणारं राय धान्य. त्याच्या मागे फिनबार कॉफीच्या बिया घेऊन, त्याला परत पाठवलं. त्यांच्याही मागे गावातली सात-आठ माणसं, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात उशीचा अभ्रा, शिस्तीत एकामागे एक. ही रांग चारुदत्तने लहानपणापासून पाहिली होती. फक्त तेव्हा तो डबा घेऊन उभा असायचा. आणि कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याच्या तोंडून वाक्य निघालं ते थेट त्याच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचं:

"नावाची चिठ्ठी टाका, ठेवून जा, संध्याकाळी या."

मराठीतच म्हणाला. पण सगळे डबे ठेवून गेले.

पाचच्या ठोक्याला नियमाप्रमाणे फळी पडली. निम्मंच दळण झालं होतं. अश्लेषा टॉवेल घेऊन आली आणि त्याचं डोकं पुसायला लागली. खूप वेळ पुसत राहिली.

"तीन तारखेचं काय करायचं रे?" तिने टॉवेलमागून विचारलं.

चारुदत्तने उरलेले डबे मोजले, चिठ्ठ्या वाचल्या, आणि नोरीनबाईंच्या पिशवीचं तोंड नीट बांधून ठेवलं.

"तीन तारखेला कसं जमेल?" तो म्हणाला. "पाच तारखेच्या शनिवारी यांचं दळण आहे."